पंचवीस पिना आणि एक नवा लॅपटॉप

वापरलेला हौशी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं यंत्र, हाती आला की माणूस आधी त्याचं लोखंड न्याहाळतो. रेल सरळ आहे का, स्क्रूवर गंज चढलाय का, बेअरिंग कुरकुरतंय का, कापणारं बिट फिरवणाऱ्या स्पिंडलचा दांडा डगमगतो का. हे सगळं बोटांना कळतं, आणि जे बोटांना कळतं ते बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतं. पंचाईत असते ती मागच्या बाजूला. तिथे दोन्ही कडांना स्क्रू असलेला एक रुंद कनेक्टर असतो, पंचवीस पिनांचा, आणि आपल्या लॅपटॉपवर त्याच्या ओळखीचं कुणीच उरलेलं नसतं.

माझ्याकडच्या राउटरची हीच गत होती. ॲल्युमिनियमचा सांगाडा, तीन स्टेपर मोटर, पत्र्याच्या डब्यात मोटरना वीज पुरवणारे ड्रायव्हर, आणि डब्याच्या पाठीला तो कनेक्टर. सोबत कॉम्प्युटर नाही, कागदपत्रं नाहीत, डब्याच्या झाकणावर आतून कुणी पेन्सिलने चार आकडे लिहून ठेवले असतील तर तेही पुसले गेलेले.

हा मूळचा प्रिंटरचा पोर्ट, ज्याला समांतर (पॅरलल) पोर्ट म्हणतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा प्रिंटर जोडायला तो होता. १९९४ मध्ये आयईईई १२८४ या मानकाने त्याला रीतसर चौकट मिळाली, आणि यूएसबी रुळल्यावर तो निमूटपणे दिसेनासा झाला. सीएनसीच्या हौशी मंडळींचा त्याच्यावर जीव जडला त्याचा छपाईशी काही संबंध नव्हता. या पोर्टमध्ये मधे कुणी दलाल नसतो. प्रोग्रामने एका ठरावीक पत्त्यावर एक बाइट लिहिला की आठ पिनांवर तो आकडा पाच व्होल्ट आणि शून्य व्होल्टच्या रूपात लगेच उभा राहतो. डेटाच्या आठ आणि नियंत्रणाच्या चार मिळून बारा पिना बोलायला, पाच पिना ऐकायला, उरलेल्या आठ ग्राउंडच्या. तीन-चार अक्षांच्या यंत्राला एवढं भांडवल पुरतं.

पुरतं, कारण यंत्राचं मागणंच थोडं असतं. प्रत्येक अक्षाला दोन तारा: एक दिशेची, एक पायरीची. दिशेच्या तारेने सांगायचं डावीकडे की उजवीकडे. पायरीच्या तारेवर एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, आला की मोटरने एक पाऊल टाकायचं. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, म्हणजे पावलाला १.८ अंश. ड्रायव्हर पावलाचे आठ तुकडे करत असेल तर फेऱ्याला १६०० पल्स. स्क्रूच्या एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर सरकतो असं धरलं तर मिलिमीटरला ३२० पल्स झाले. आता राउटरला मिनिटाला ३००० मिलिमीटरने पळवायचं म्हटलं, तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स. दोन पल्समधलं अंतर साडेबासष्ट मायक्रोसेकंद.

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम काढून ठेवला, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मोटर त्या वेगात असताना एखादा पल्स शंभर-दोनशे मायक्रोसेकंद रेंगाळला तर ती अडखळते, किरकिरते, जागच्या जागी थरथरत राहते. किंवा त्याहून वाईट, चार पावलं गाळून काही झालंच नाही अशा थाटात पुढे जाते. हौशी यंत्रात मोटर खरोखर किती फिरली हे पाहणारा एन्कोडर बहुधा नसतोच. नियंत्रकाने हजार पल्स पाठवले म्हणजे मोटर हजार पावलं चालली असणार, या विश्वासावर सगळा कारभार. एक पाऊल चुकलं की पुढचं अख्खं काम तेवढ्याने सरकतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आजचा साधा लॅपटॉप सेकंदाला अब्जावधी सूचना उरकतो. त्याला सेकंदाला सोळा हजार वेळा एक पिन वरखाली करणं म्हणजे काय मोठं काम, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे वेग मागितलेलाच नाही. इथे वक्तशीरपणा मागितला आहे, आणि तो देण्याचं वचन विंडोज देत नाही, मॅकओएस देत नाही, साधं लिनक्सही देत नाही. मधेच वाय-फायला काहीतरी हवं असतं, स्क्रीन रंगवायची असते, बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर डुलकी घेतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण माणसाला पाच मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. मोटरच्या हिशोबात तेवढ्यात ऐंशी पावलं होतात. द्रुत लयीत बोल काढता येणं वेगळं आणि ठेका न सोडणं वेगळं. आपला लॅपटॉप पहिल्यातला उस्ताद आहे.

मग जुन्या कॉम्प्युटरवर हे चालायचं कसं? तिथे एक आडवाट काढलेली होती. सीएनसी यंत्र चालवणाऱ्या, आर्टसॉफ्टच्या माख-३ या प्रोग्रामने विंडोजच्या खाली आपला एक सॉफ्टवेअर ड्रायव्हर घुसवला. तो सेकंदाला २५,००० वेळा बाकी सगळ्यांना बाजूला सारून पोर्टवरच्या पिना हलवायचा आणि मग विंडोजला पुन्हा श्वास घेऊ द्यायचा. युक्ती हुशारीची, पण ती ३२ बिटच्या विंडोजवरच चालते, आणि तीही विंडोज ७ पर्यंत. ६४ बिटच्या विंडोजवर समांतर पोर्टचा तो ड्रायव्हर चालत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. तो दरवाजा बंद झाला आहे आणि किल्ली शोधण्यात अर्थ नाही.

इथे हमखास एक मोहाची जागा येते: यूएसबीचं समांतर पोर्टात रूपांतर करणारी केबल. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हवा तसा कनेक्टर. बघून वाटतं, झालं काम. ती केबल कॉम्प्युटरला स्वतःची ओळख प्रिंटर म्हणून करून देते. तिला छापायचा मजकूर घ्यायची सवय. सुट्या पिनांवर कुणाला थेट हात ठेवू द्यायची तिची तयारीच नसते. आणि दिली असती तरी काय? साध्या यूएसबीचा कारभार एका-एका मिलिसेकंदाच्या हप्त्यांनी चालतो. त्या एका मिलिसेकंदात आपल्या मोटरला सोळा पल्स हवे होते, सारख्या अंतराने. अशी केबल प्रिंटरला उत्तम, राउटरला निरुपयोगी. माझं स्पष्ट मत आहे की हिच्यावर अर्धा दिवससुद्धा घालवू नये.

गोंधळ असा होतो की तिच्यासारखीच दिसणारी वस्तू खरोखर काम करते. यूसी१०० नावाचं एक छोटं उपकरण आहे: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला तोच पंचवीस पिनांचा कनेक्टर. फरक पोटात आहे. त्यात स्वतःचा प्रोसेसर बसवलेला असतो. कॉम्प्युटर त्याला थोडं पुढचं काम एकगठ्ठा देऊन ठेवतो आणि पल्स किती अंतराने सोडायचे ते तो आपल्या घड्याळावर बघतो. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन वस्तूंत हा एवढाच फरक, पण तोच सगळा फरक.

म्हणून जुन्या यंत्राकडे बघताना मी कनेक्टरचा आकार नंतर बघतो. पल्स कुठे तयार होतात हे आधी शोधतो. मागे सीरियल पोर्ट असेल तर बहुतेक वेळा यंत्राच्या पोटातच मेंदू आहे, आणि मग काळजीचं कारण नाही. रोलँडचा एमडीएक्स-२० घ्या. तो सीरियल केबलवरून आरएमएल-१ या त्याच्या स्वतःच्या भाषेत आज्ञा घेतो आणि पल्सचं आतल्या आत बघून घेतो. अशा यंत्राला यूएसबी ते सीरियल केबल खुशाल लावावी. बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि हँडशेक (थांब-बोल असे इशारे) जुळवले की ते बोलायला लागतं, कारण उशिरा आलेलं वाक्य त्याला चालतं. समांतर पोर्टवाल्या यंत्राला उशिरा आलेलं पाऊल चालत नाही.

समांतर पोर्टवाल्यांसाठी रस्ते मोजकेच. जुना कॉम्प्युटर मिळवून इंटरनेटपासून लांब ठेवायचा आणि त्याच्याच हातून चालवायचं. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार २०१४ मध्ये संपला, पण ज्या कॉम्प्युटरला फक्त तीन मोटर हलवायच्या आहेत त्याला त्याचं सुखदुःख नाही. भीती एवढीच की त्याची हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लायही यंत्राइतकेच जुने असतात, म्हणून डिस्कची प्रत काढून ठेवावी.

दुसरा रस्ता लिनक्ससीएनसीचा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या नियंत्रकातून हा प्रकल्प वाढला. आधी ईएमसी म्हणायचे, २०११ मध्ये नाव बदललं. डेस्कटॉपमध्ये समांतर पोर्टचं कार्ड बसवलं की तो वक्तशीर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, जोरावर स्वतः पल्स काढतो. त्यात एक लेटन्सीची, म्हणजे उशीर मोजणारी, चाचणी आहे, ती मला फार आवडते. चाचणी चालू ठेवायची आणि कॉम्प्युटरला मुद्दाम छळायचं. मोठ्या फाइल कॉपी करायच्या, खिडक्या इकडून तिकडे ओढायच्या, फिरत्या दातेरी चाकांचा तो ग्राफिक्सचा प्रोग्राम चार-पाच खिडक्यांत लावून द्यायचा. मग सर्वांत वाईट उशीर किती झाला ते बघायचं. १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३० ते ५० म्हणजे चालेल पण वेग बेताचा, शंभरच्या पुढे गेला तर या कामासाठी त्या कॉम्प्युटरचा नाद सोडायचा. गंमत म्हणजे एखादा जुनाट ऑफिसचा डबा इथे महागड्या लॅपटॉपला सहज हरवतो. लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्याची धडपड ऑपरेटिंग सिस्टिमच्याही पाठीमागे चाललेली असते आणि ती नेमकी भर कामात टपकते.

मी निवडला तो रस्ता ग्रबलचा. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रोग्राम आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर चालतो. त्या बोर्डावरची चिप १६ मेगाहर्ट्झची, तिची चालती स्मृती दोन किलोबाइट. लॅपटॉपच्या मानाने अगदीच किरकोळ. पण तिला दुसरं कामच नसतं. ना वाय-फाय, ना स्क्रीन, ना अपडेट. म्हणून ती सेकंदाला तीस हजारांपर्यंत पल्स ठोक्यात काढून देते. लॅपटॉपने फक्त यूएसबीवरून ओळींमागून ओळी पुरवत राहायच्या. चिप पुढच्या पंधरा-सोळा हालचाली आधीच आखून ठेवते, त्यामुळे लॅपटॉपला मधेच डुलकी लागली तरी मोटरला कळत नाही.

बरेच जण या टप्प्यावर जुना डबाच काढून टाकतात आणि नवे ड्रायव्हर, नवा पॉवर सप्लाय, सगळंच नवं बसवतात. ड्रायव्हर जळलेले असतील तर इलाज नाही. नाहीतर मला हे पटत नाही. त्या डब्यातले ड्रायव्हर त्याच मोटरशी, त्याच विद्युतप्रवाहाला जुळवलेले आहेत. वर्षानुवर्षं नांदलेली जोडी आहे. त्यांची तक्रार कधीच नव्हती. त्यांना पल्स देणारा गेला, तर पल्स देणारा आणून द्यावा.

तर पंचवीस स्क्रूंची एक टर्मिनल पट्टी त्या कनेक्टरला लावली आणि कोणती पिन कशाची ते शोधायला बसलो. सर्वसाधारण रिवाज असा की २ आणि ३ वर एक्सची पायरी आणि दिशा, ४ आणि ५ वर वायची, ६ आणि ७ वर झेडची. पण हा रिवाज आहे, नियम नव्हे. काही स्वस्त बोर्डांवर या जोड्या कुठेही विखुरलेल्या असतात. जुना कॉम्प्युटर सोबत मिळाला तर माख-३ च्या फोल्डरमधली एक्सएमएल फाइल आधी जपून ठेवावी. पिना, वेग, मिलिमीटरला किती पल्स, सगळा संसार तिच्यात असतो. माझ्याकडे ती सोय नव्हती, म्हणून मल्टिमीटर घेऊन कनेक्टरपासून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांचा माग काढत गेलो. हे करताना एक पथ्य पाळायचं: वीज चालू असताना मोटरची तार ड्रायव्हरपासून कधीही सोडवायची नाही. मोटरच्या वेटोळ्यातली ऊर्जा उसळून ड्रायव्हरचाच जीव जातो.

जोडणी झाली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. लॅपटॉपवर ग्रबलने आपलं नाव सांगितलं, हालचालीची आज्ञा मान्य केली, स्क्रीनवरचे आकडे सरकले. यंत्र ढिम्म. मी स्क्रूला हात लावला तर तो सहज फिरला, आणि खरी बातमी तिथे होती. वीज मिळालेली स्टेपर मोटर उभ्या जागी घट्ट धरून बसते, हाताने हलत नाही. ही हलत होती, म्हणजे पल्स पोचतात की नाही हा पुढचा प्रश्न; ड्रायव्हर मुळात जागेच नव्हते. पुन्हा तांब्याच्या रेषा. १७ नंबरच्या पिनेची रेषा एका छोट्या कपॅसिटरकडे गेली होती, तिथून दोन डायोड, मग एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या पलीकडे तिन्ही ड्रायव्हरना चालू करणारी तार.

हा चार्ज पंप. पिनेवर नुसते पाच व्होल्ट देऊन तो उघडत नाही, कारण कपॅसिटर स्थिर व्होल्टेज पुढे जाऊच देत नाही. त्याला सतत वरखाली होणारी लाट लागते, आणि माख-३ चालू असताना एका पिनेवर १२.५ किलोहर्ट्झची अशी लाट सोडत राहतो. लाट थांबली की कपॅसिटर रिकामा होतो आणि ड्रायव्हर बंद. कुणीतरी फार शहाणपणाने केलेली सोय आहे ही. जुना कॉम्प्युटर चालू होताना समांतर पोर्टच्या पिना काही क्षण वाटेल ते बरळतात, आणि त्या बरळण्यावर मोटर किंवा स्पिंडल सुरू व्हायला नको. प्रोग्राम खरोखर जिवंत आहे याचा हा सततचा पुरावा. आणि मी आणलेली चिप तो पुरावा द्यायचा असतो हेच जाणत नव्हती.

काही बोर्डांवर चार्ज पंप बाजूला ठेवायला जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो. माझ्या बोर्डावर होता, मी तो लावला. एखाद्या ५५५ टायमर चिपने खोटी लाट तयार करून बोर्डाला फसवण्याची युक्तीही आहे, ती मला आवडत नाही. राखणदाराला काढून टाकणं निदान प्रामाणिक आहे, पहाऱ्यावर पुतळा उभा करणं नाही. मात्र राखणदार काढला तर त्याचं काम दुसऱ्या कुणी करायला हवं. ग्रबलची ड्रायव्हर चालू-बंद करणारी पिन त्या तारेला जोडली, आणि आणीबाणीचं लाल बटण थेट मोटर आणि स्पिंडलच्या विजेवर घेतलं. हे बटण लॅपटॉपला निरोप देणारं नसावं. ज्या क्षणी ते दाबायची वेळ येते त्या क्षणी मधे कुणालाही विचारायला लागू नये.

मग मोटर धरू लागल्या, फिरू लागल्या, आणि मापाचा प्रश्न आला. स्क्रूचे आटे मोजून अडीच मिलिमीटरचा पिच वाटत होता. १६०० भागिले २.५ म्हणजे मिलिमीटरला ६४० पल्स. तो आकडा भरला. १०० मिलिमीटर जा म्हटलं आणि कॅलिपरने मोजलं. १०१.६. पुन्हा मोजलं, तेच. यंत्र ढिलं असतं तर हा आकडा दर वेळी थोडा हलला असता. हा हलत नव्हता, आणि १०१.६ या संख्येला एक ओळखीचा चेहरा होता: बरोबर चार इंच. स्क्रू इंचाच्या मापाचा निघाला, इंचाला दहा आटे, म्हणजे पिच २.५४ मिलिमीटर. डोळ्याला अडीच आणि २.५४ यांतला फरक कुठून दिसणार? खरा आकडा ६२९.९२१. तो भरला आणि शंभराला शंभर आले. मोजून आलेल्या फरकावरून गुणाकार-भागाकार करून आकडा सुधारता येतो, सगळे तेच करतात. पण स्क्रूचं मूळ माप सापडलं तर ते वापरावं. कॅलिपर धरणाऱ्या हाताची चूक आकड्यात मुरत नाही.

चौरसाची चाचणी त्यानंतर. बिटाऐवजी पेन बांधायचं, १०० मिलिमीटरचा चौरस काढायचा आणि कर्ण मोजायचे. दोन्ही १४१.४ च्या जवळ आणि एकमेकांइतके असले तर सांगाडा काटकोनात आहे. मग एक वर्तुळ. वर्तुळाच्या चार टोकांना, जिथे एखादा अक्ष थांबून उलटा फिरतो, तिथे सपाट कडा दिसली तर नटात ढिलेपणा आहे. माख-३ आणि लिनक्ससीएनसी हा ढिलेपणा हिशोबात धरून थोडं जास्त फिरवू शकतात, मूळ ग्रबलमध्ये ती सोय नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. नट घट्ट करणं किंवा बदलणं हे पान्याचं काम आहे, ते पान्यानेच करावं.

एक दोष मात्र असा निघाला की तो पेनच्या चाचणीत दिसलाच नाही. साधे आकार कापताना सगळं ठीक. उठावाची नक्षी कोरायला घेतली, जिच्यात झेड अक्ष सतत खालीवर करतो, तर काम जसजसं पुढे सरकेल तसतशी खोली बदलत गेली. एकाच दिशेने, हळूहळू. मोटरचा आवाज स्वच्छ होता, म्हणजे ती पावलं गाळत नव्हती. डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारं सुईचं मापक) लावून झेड नुसता खालीवर केला तर सुई दर फेऱ्याला अगदी नकळत सरकत होती.

कारण वेळेचंच निघालं. जुन्या बोर्डावर आत येणाऱ्या प्रत्येक तारेला ऑप्टोकपलर असतो. तो प्रकाशाच्या मार्फत सिग्नल पलीकडे पोचवतो, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध येत नाही. स्वस्त ऑप्टोकपलर चालू चटकन होतो, बंद व्हायला रेंगाळतो. ग्रबल दिशेची तार बदलतं आणि जवळजवळ त्याच क्षणी पायरीचा पल्स देतं. एका बाजूने वळताना दिशा वेळेवर पोचते. दुसऱ्या बाजूने वळताना दिशा अजून वाटेतच असते आणि पायरी पोचलेली असते. ते पहिलं पाऊल उलट्या बाजूला पडतं. दोन्हीकडे सारखाच उशीर असता तर चूक फिटून गेली असती. तसा नव्हता. दर फेऱ्याला दोन सूक्ष्म पावलांचा फरक म्हणजे जेमतेम तीन मायक्रॉन, पण नक्षीत असे तीनशे फेरे झाले की जवळजवळ एक मिलिमीटर. उपाय दोन आकड्यांचा होता. ग्रबलची शून्य क्रमांकाची सेटिंग पल्सची रुंदी ठरवते, ती मुळातल्या दहा मायक्रोसेकंदांवरून वाढवली. दुसऱ्या क्रमांकाच्या सेटिंगने पल्स उलटा केला, म्हणजे ड्रायव्हर आता पल्सच्या सुरुवातीला न हलता शेवटाला हलतो. दिशेला पोचायला तेवढी उसंत मिळाली आणि सुई जागेवर थांबली. ज्याचा ड्रायव्हर दुसऱ्या कडेवर हलतो त्याला हाच बदल उलटा बाधेल, तेव्हा डायल इंडिकेटरशिवाय हे करू नये.

भाषेच्या बाबतीत मी निश्चिंत होतो. पल्स देणारे बदलले, पोर्ट बदलले, पण यंत्राला आज्ञा देण्याची भाषा, जी-कोड, तीच. छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलं होतं; त्या फितींच्या जगातून आलेली ही लिपी आजही माणसाला वाचता येते. तरी तिच्या बोली आहेत. माख-३ साठी बनवलेल्या जुन्या फाइली ग्रबलला दिल्या की टूल बदलण्याची एम६ किंवा छिद्र पाडण्याची जी८१ आज्ञा आली की ते तिथेच थांबतं आणि वीस क्रमांकाची चूक दाखवतं. कंसाकार हालचालींत तर जास्त गंमत. वर्तुळाचा मध्य कामाच्या शून्यबिंदूपासून मोजायचा की बिट आत्ता आहे तिथून, हे माख-३ मध्ये निवडता येतं. ग्रबलला फक्त दुसरी रीत कळते. जुन्या फाइलीला हाताने ठिगळं लावण्यापेक्षा मूळ आराखड्यातून ग्रबलसाठी नव्याने फाइल काढणं केव्हाही कमी कटकटीचं.

उरला तो यूएसबीचा नाजूकपणा. स्पिंडलची मोटर बरीच विद्युत धूळ उडवते आणि ती लांब केबलवर बसते. यूएसबी क्षणभर तुटली की लॅपटॉप पुन्हा पोर्ट उघडतो, पोर्ट उघडला की उनो स्वतःला रीसेट करतो, आणि रीसेट झालेल्या ग्रबलला आपण कुठे होतो हे आठवत नाही. म्हणून यूएसबीची केबल आखूड ठेवली, तिच्यावर फेराइटचं कडं चढवलं, स्पिंडलच्या तारेपासून ती लांबून नेली, लॅपटॉपची झोप आणि यूएसबीची वीजबचत दोन्ही बंद केल्या. अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारे लिमिट स्विचही विनाकारण ओरडायचे. त्यांच्या तारांना आवरणवाली केबल दिली, आवरण एकाच टोकाला ग्राउंड केलं, आणि बोर्डापाशी सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाकले. तेव्हापासून ते फक्त कामापुरते बोलतात. इथरनेटवाले नियंत्रक या बाबतीत सुखी, त्यांच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असल्याने दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्याच राहतात.

स्पिंडल मात्र अजून हातानेच चालू करतो. डब्यात त्याच्यासाठी रिले (विजेने चालणारा स्विच) आहे, त्याची पिनही सापडली आहे, आणि ग्रबलकडे स्पिंडलची पिन आहे. पण उनो रीसेट होतो तेव्हा त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात, वर ना खाली, आणि त्या क्षणी रिलेने काय समजावं याचा भरवसा नाही. त्या पिनेला ग्राउंडकडे ओढून धरणारा एक रेझिस्टर लावायचा आहे, आणि तो लावल्यावर बिट न बसवता, केबल मुद्दाम काढून-घालून, रिले टकटक करतो का ते ऐकायचं आहे. तोवर रिलेची तार टर्मिनल पट्टीतून सोडवून टोकाला टेप गुंडाळून ठेवली आहे.